गायधनींच्या दारचा बोकड

मालनबाईंचा बोकड रविवारी भर दुपारी कुत्र्यांनी फाडला, आणि सोमवारचा सकाळचा चहा होईपर्यंत गोदाई रो-हाउस सोसायटीतला एकही माणूस दुसऱ्याच्या कुत्र्याबद्दल चांगलं बोलेनासा झाला. ज्यांच्याकडे कुत्राच नव्हता ते तर विशेष मोकळेपणाने बोलू लागले. आजवर ज्या कुत्र्यांना जाता-येता बिस्किटं घातली जात होती, त्यांच्या दातांकडे लोक आता थांबून बघत होते.

ही सोसायटी नाशिकच्या अशा टोकाला आहे, की तिथे शहर संपलं असं वाटतं आणि पुढे आणखी एक मंगल कार्यालय लागतं. मागच्या भिंतीपलीकडे मालनबाईंचा मळा. तिथे त्या, त्यांचा मुलगा गोरक्ष आणि नातू अमोल राहतात. अमोल अंबडला एका कंपनीत कामाला. दिवाळीनंतर त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली आणि तो मात्र बाजूला फेकला जाऊन वाचला, तेव्हा मालनबाईंनी बांधावरच्या म्हसोबाला बोकड बोलला होता. लगेच एक काळाकुळकुळीत बोकड आणून त्यांनी तो तळहाताच्या फोडासारखा वाढवला, आणि येत्या अमावास्येला तो द्यायचा होता. बोकड दारातल्या खोपीत होता तोवर देवाचं तारण दारात होतं, म्हणून अमोल नवी गाडी घेऊन कामावर जात होता. आता ते तारणच कुत्र्यांनी खाल्लं. नवस फिटेपर्यंत पोराने रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, असं मालनबाईंनी जाहीर केलं आणि गाडीची किल्ली कनवटीला खोचली. कंपनीतून फोन येऊ लागले. पहिल्या फोनला ताप सांगितला, दुसऱ्याला जुलाब सांगितले. तिसऱ्याला काय सांगायचं यावर मळ्यात विचार चालू होता. चौथा फोन बहुतेक नोकरी गेल्याचाच येणार, हे अमोलला ठाऊक होतं.

या सगळ्यात ढुंढिराज गायधनींनी पडायचं काहीच कारण नव्हतं, आणि म्हणूनच ते पडले. गायधनी हे पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या घराण्यातले. पण त्यांनी स्वतः कधी यजमान केले नाहीत, पाटबंधारे खात्यात फायली केल्या आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. मालनबाई त्यांना गुरुजी म्हणत. आपण गुरुजी नाही, निवृत्त हेडक्लार्क आहोत, हे त्यांनी मालनबाईंना पुष्कळदा समजावून सांगितलं होतं. त्यावर त्या "बरं गुरुजी" म्हणत.

गायधनींकडे बंडू नावाचा कुत्रा होता. तो वरण-भातावर वाढला होता आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी खात असे. त्यामुळे त्याच्यावर संशय घेणं म्हणजे घराण्यावरच संशय घेण्यासारखं होतं. तरीही एक गोष्ट गायधनींना आतून कुरतडत होती. बंडूची आंघोळ गुरुवारी असते, आणि या आठवड्यात ती रविवारी संध्याकाळी झाली होती. त्यांच्या पत्नी उत्तराबाईंनी ती मागच्या अंगणात, दार लावून, घाईघाईने उरकली होती. विचारलं तर म्हणाल्या, चिखलात लोळला होता. वैशाखात नाशिकमध्ये चिखल शोधायचा म्हणजे माणसाला रजा काढावी लागेल. पण पुढे विचारलं की उत्तर मिळतं, हे लग्नाच्या इतक्या वर्षांत कळलेलं असल्यामुळे गायधनी गप्प बसले.

दुसरा संशयित शेजारीच होता. जमिनीचे व्यवहार करणाऱ्या रविराज खैरनारांचा टायगर. हा कुत्रा उभा राहिला की गेटवरून माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवी. खैरनारांच्या गेटवर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी होती. रविवारपासून ती पाटी दिसेनाशी झाली. रंगवायला दिलीये, असं खैरनार म्हणाले. गायधनींनी त्या रिकाम्या खिळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

गोरक्ष सोमवारी थेट सोसायटीच्या गेटवर आला आणि ज्याच्या कुत्र्याने हे केलं त्याने पुढं यावं, असं बोलला. कोणीच पुढे येईना. तेव्हा हे प्रकरण रीतसर चालवलं पाहिजे, असा सल्ला गायधनींनी दिला आणि स्वतः गोरक्षला घेऊन कचेऱ्या हिंडले. तिथली भाषा आपल्याला येते, असा त्यांचा समज होता. पहिल्या कचेरीत कळलं, की कुत्रा या हद्दीतला असेल, पण बोकड पलीकडच्या पंचायतीच्या हद्दीत मेला. पंचायतीत कळलं, की बोकड आमचा हे कबूल, पण मारणारा शहरातला. मधली भिंत कुणाच्या हद्दीत येते हे कोणालाच सांगता येईना. शेवटी जनावरांच्या दवाखान्यातल्या साहेबांनी बोकडाच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मागितला. गोरक्ष म्हणाला, देवाच्या बोकडाला भोक पाडत नसतात, त्याच्या अंगाला ओरखडासुद्धा चालत नाही. साहेब म्हणाले, बिल्ला नाही म्हणजे सरकारच्या दृष्टीने हा बोकड नव्हताच. जो नव्हता तो मेला कसा, असं त्यांनी गायधनींनाच विचारलं. आणि नोकरीत असताना आपणही असंच उत्तर दिलं असतं, हे ध्यानात येऊन गायधनी फारच खिन्न झाले.

परत येताना गोरक्ष त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. या माणसाने मुद्दाम चुकीच्या कचेऱ्या दाखवल्या, असा त्याला संशय आला होता. हा संशय इतका अन्यायाचा होता, की गायधनींनी त्याच संध्याकाळी सोसायटीची सभा बोलावली आणि मालनबाईंनाही बोलावून घेतलं. सभेत सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणालं बिबट्या असेल, मळ्यात ऊस आहे. मळ्यात ऊस नाही, भेंडी आहे, असं सांगितल्यावर ते म्हणाले, भेंडीतही बसतो. कोणी सुचवलं, सगळ्या कुत्र्यांना ओळीत उभं करून त्यांच्यापुढे मटण ठेवावं आणि चेहरे वाचावेत. अशा वातावरणात माणसाच्या तोंडून भलतंच जातं. गायधनी उठले, त्यांनी उपरणं सारखं केलं, आणि म्हणाले, की बंडूने हे कृत्य केलं असेल तर मी स्वतः तसाच बोकड आणून म्हसोबापुढे उभा करीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथे त्यांनी खाली बसायला हवं होतं. पण टाळ्या थांबेनात तेव्हा त्यांनी "हा गायधनींचा शब्द आहे" हेही जोडलं.

टाळ्या संपल्या आणि खैरनारांनी खिशातून मोबाइल काढला. अतिशय जड अंतःकरणाने काढला. त्यांच्या कॅमेऱ्यात रविवार दुपारचं काही आलं होतं, आणि शेजारधर्म म्हणून ते आजवर दाखवत नव्हते. चित्रात भिंतीचा पडका भाग होता, ऊन होतं, आणि त्या पडक्या भागावरून बंडू मळ्याकडे उडी मारत होता. उडी अगदी स्पष्ट होती. शेपटी हलत होती. गायधनींनी उत्तराबाईंकडे पाहिलं, तर त्या छताचा पंखा बघत होत्या.

गायधनींनी भरपाईचा विषय काढला, तशा मालनबाई उठून उभ्या राहिल्या.

"पैसं नको गुरुजी. पैशाचं म्हसोबा काय करणार हाय? तुमी बोकड म्हनालात, बोकडच द्या. काळा पायजे, पांढरा केस नको. आन् आमच्या भावकीत रीत हाय, ज्याच्या हातनं देवाचं मोडलं त्याच्याच दारचा घास खाऊन दुसरा उभा ऱ्हायला पायजे. अमुशापोतर तो तुमच्याच दारात बांधायचा."

गायधनींच्या घराण्यात इतक्या पिढ्यांत कोणी कोंबडीच्या अंड्यालाही हात लावला नव्हता. पण शब्द गेला होता, तोही टाळ्यांच्या साक्षीने.

बोकड आणायला ते गोरक्षबरोबर नांदगावच्या बाजाराला गेले. गायधनी स्वस्तातला रोगट बोकड उचलतील या संशयाने गोरक्ष त्यांच्यामागे, आणि गोरक्ष मुद्दाम महागातला दाखवील या संशयाने ते गोरक्षच्या पुढे, असे दोघे बाजारभर फिरले. गायधनींनी चष्मा नाकावर ओढून बोकडांच्या पोटाखालचे केस तपासले. अखेर एक निर्दोष काळा बोकड सापडला, तेव्हा व्यापाऱ्याने एकदम त्यांच्या हातावर उपरणं टाकलं आणि आतून त्यांची बोटं धरली. तिथे भाव बोटांनी, कापडाखाली ठरतो. हे गायधनींना माहीत नसल्यामुळे त्यांनी दचकून हात ओढून घेतला. व्यापाऱ्याला तो नकार वाटला, त्याने पुन्हा बोटं धरली, यांनी पुन्हा ओढली. या झटापटीत भाव इतका उतरला, की गोरक्षने प्रथमच त्यांच्याकडे आदराने पाहिलं. आणि मग हा माणूस दिसतो तितका भोळा नाही, असं वाटून तो आणखी सावध झाला.

परतीचा प्रवास पिकअपच्या मागच्या बाजूने झाला. बोकड उभा राहीना, म्हणून त्याला मांडीवर घ्यावं लागलं. द्वारका चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा शेजारी स्कूटरवर पंचवटीतला त्यांचा पुतण्या विश्वेश होता, डिकीत कुठल्याशा सत्यनारायणाचं सामान घेऊन. त्याने काकांकडे पाहिलं, मांडीवरच्या बोकडाकडे पाहिलं, आणि सिग्नल सुटायच्या आधीच फोन कानाला लावला. घरी पोचेपर्यंत उत्तराबाईंना भावकीतून फोन येऊन गेले होते. ढुंढिराजने शेवटी धरबंध सोडला का, एवढंच सगळ्यांना विचारायचं होतं. एका चुलत जाऊबाईंनी तर यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला तुम्ही आला नाहीत तरी आम्ही मनात धरणार नाही, असं फार प्रेमाने सांगितलं.

सोसायटीतही हवा पालटली. बोकड कशासाठी आणलाय हे सर्वांना माहीत होतं, तरी गायधनींच्या घरातून कांदा परतल्याचा वास आला की येणारे-जाणारे जरा रेंगाळू लागले. नियमावलीत कुत्री-मांजरं पाळायला परवानगी आहे, बोकडाविषयी नियम मूक आहेत, यावर मोबाइलवरच्या ग्रुपात दोन तट पडले. उत्तराबाईंनी मात्र एकच अट घातली. बोकडाला वास फार होता. पडवीत राहायचं तर त्याला रोज आंघोळ घातली पाहिजे, आणि ती त्यांनीच घातली पाहिजे, ज्यांनी टाळ्यांसाठी शब्द दिला.

पहिल्या दिवशी अंगावर तांब्या ओतताच बोकडाने शिंगापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं आणि गायधनी चष्म्यासकट भिजले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून सवयीने स्नानाचे मंत्र गेले. पाण्याला हात लागला की त्यांच्या तोंडून ते आपोआप निघतात. नोकरीत असताना बेसिनवर हात धुतानासुद्धा निघत आणि मागे रांग लागे. मंत्र ऐकून बोकडाने कान टवकारले आणि तो तसाच उभा राहिला. मंत्र संपल्यावर गायधनींनी खूश होऊन त्याला गुळाची पोळी दिली. मग तसा प्रघातच पडला. मंत्र चालू आहेत तोवर बोकड पाण्याखाली पुतळ्यासारखा उभा राही, मंत्र थांबले की अंग झाडी आणि पोळीसाठी खिशात तोंड घाली. तेवढ्या वेळात गायधनी चार पावलं मागे सरायला शिकले.

या आंघोळी मालनबाई भिंतीपलीकडून रोज बघत. सकाळी भिंतीवर आधी पदर दिसे, मग कपाळ, मग डोळे. बोकड जागेवर आहे का, तोच आहे का, की गुरुजींनी रातोरात गोशाळेत पोचवून दुसरा उभा केलाय, याची त्या खातरजमा करत. कधी कधी त्याचं पोट बघायचं म्हणून त्याला वळवून दाखवायला लावत. "पांढरा केस नाय ना आला?" एवढंच विचारत. गायधनींना या अविश्वासाचा फार राग येई. तो राग अगदी शुद्ध नव्हता, कारण गोशाळेचा पत्ता त्यांनी खरोखरच काढून ठेवला होता.

झालं होतं असं, की नाव ठेवायचं नाही असं ठरलेलं असताना उत्तराबाई एकदा बोकडाला "श्यामराव, बाजूला व्हा" म्हणाल्या. गायधनींनी ते ऐकलं. त्यानंतर पोळी घशाखाली उतरताना त्यांना श्यामराव आठवू लागले, आणि श्यामरावांना पोळी देताना अमावास्या. दुसरीकडे भिंतीपलीकडे अमोल ओट्यावर बसून फोनकडे बघत असलेला दिसे. पोराची नोकरी जायची वेळ आली होती आणि ती वाचायचा रस्ता श्यामरावांच्या मानेवरून जात होता. गायधनींना दोन्हीकडे बघवेना.

त्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. बंडू श्यामरावांना घाबरत होता. श्यामरावांनी एकदा नुसती मान खाली घातली, तर बंडू केकाटत घरात पळाला आणि दिवाणाखालून बाहेर येईना. बोकड फाडणारा कुत्रा बोकडाला भिऊन दिवाणाखाली मुततो, हे गायधनींच्या हेडक्लार्की बुद्धीला पटेना. खैरनारांच्या चित्रात बंडूची उडी होती, पण उडीच्या आधीचं काहीच नव्हतं. गायधनी त्यांच्याकडे ते मागायला गेले, तर खैरनार म्हणाले, कॅमेरा जुनं आपोआप पुसतो. हे सांगताना त्यांनी गायधनींना चहा विचारला. खैरनारांनी आजवर कधी कोणाला चहा विचारला नव्हता. गायधनी चहा न घेता परतले. पण चित्र नाही, साक्षीदार नाही, आणि टाळ्या मात्र सगळ्या सोसायटीने वाजवलेल्या. शब्द परत घ्यायला जागाच नव्हती.

अमावास्येच्या सकाळी मिरवणूक निघाली. पुढे मालनबाई नैवेद्य घेऊन, मागे गोरक्ष आणि अमोल, मग गायधनी श्यामरावांचा दोर धरून. बाजारहाटाच्या वेळी अंग काढून घेतलेले खैरनार आता प्रेमाने सोबत आले होते. शेजाऱ्याला अशा वेळी एकटं कसं सोडायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. बांधावर लिंबाखाली म्हसोबाचा शेंदरी दगड होता. तिथे सोमा भगत आधीच बसला होता, कपाळभर हळद लावून. त्याच्या शेजारी फडक्यात गुंडाळलेला सुरा होता. गायधनींनी तिकडे बघितलं नाही.

सोमाने रीत सांगितली. बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडायचं. बोकडाने अंग झाडलं म्हणजे देवाने घेतला. नाही झाडलं तर नाही घेतला, आणि न घेतलेल्या बोकडाला हात लावायचा नाही. त्याने तांब्या उचलला, हळद-कुंकू टाकलं, आणि पाणी श्यामरावांच्या पाठीवर ओतलं. थोडं पाणी गायधनींच्या हातावर पडलं. झालं. त्यांच्या तोंडून मंत्र सुरू झाले.

श्यामराव उभे राहिले. कान टवकारून, मान किंचित वर करून, गायधनींकडे बघत. सोमाने आणखी एक तांब्या ओतला. पाणी शेपटीवरून ओघळलं, बोकड हलला नाही. सगळे वाकून बघू लागले, तेव्हा गायधनींच्या ध्यानात आलं की हे काय चाललंय. आणि हेही ध्यानात आलं, की आपण थांबलो की तो झाडणार. माणसाला आयुष्यात क्वचितच इतकं स्पष्ट काही कळतं. त्यांनी डोळे मिटले आणि मंत्र पुढे चालू ठेवले.

स्नानाचे मंत्र काही फार मोठे नसतात. ते संपत आले तसे गायधनी श्वास न सोडता संध्येवर गेले. लोकांना वाटलं, नवस पार पडावा म्हणून गुरुजी देवाला आळवताहेत. गोरक्षने हातसुद्धा जोडले. सोमाने तिसरा तांब्या ओतला आणि मग तांब्या खाली ठेवून तो सगळ्यांकडे आळीपाळीने बघू लागला.

"देव घेत नाय," तो म्हणाला. "हितं कुणाच्या तरी पोटात कायतरी हाय. ज्यानं त्यानं बोलून टाका."

हे गायधनींना अनोळखी नव्हतं. लहानपणी रामकुंडावर त्यांनी हेच पाहिलं होतं. पिंडाला कावळा शिवेना, की शहाणीसुरती माणसं एकेक करून आकाशाकडे बघत कबुल्या देऊ लागत. कोणी धाकट्याची वाटणी देईन म्हणे, कोणी म्हातारीला सांभाळीन म्हणे. फक्त तेव्हा कावळ्याला कोणी मंत्र घालून थोपवलेलं नसे.

पहिला बांध गोरक्षचा फुटला. रविवारी घरी थांबायचं सोडून तो मंगल कार्यालयाच्या मागे पत्ते खेळायला बसला होता, आणि कुत्र्यांचं ओरडणं त्याला ऐकू आलं होतं, पण डाव चांगला लागला होता. हे सांगून त्याने म्हसोबाला हात जोडले. सगळ्यांनी श्यामरावांकडे पाहिलं. श्यामराव ढिम्म. गायधनी संध्येवरून श्राद्धाच्या मंत्रांवर आले होते.

मग खैरनारांच्या कपाळावर घाम दिसू लागला. ते एरवी देवाला भिणारे नव्हते, पण बोकड गायधनींकडे बघत होता आणि खैरनार गायधनींच्या अगदी मागे उभे होते, त्यामुळे तो आपल्याकडेच बघतोय असं त्यांना वाटू लागलं. त्यांनी रुमाल काढला, घातला, पुन्हा काढला. शेवटी म्हणाले, चित्रात आधी टायगरची उडी होती. बंडू नंतर गेला, नुसता बघायला, आणि परत आला तो तोंड रक्ताने माखून घाबरून आला. आधीचा तुकडा त्यांनी पुसला होता. गोरक्ष त्यांच्या अंगावर धावला, अमोलने मध्ये पडून त्याला धरलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी गायधनींनी या क्षणी एक भाषण केलं असतं. घराण्याचा डाग पुसला गेला होता, बंडू निर्दोष ठरला होता, आणि त्यांना तोंड उघडून एक शब्द बोलता येत नव्हता. ते श्राद्धावरून मंगलाष्टकांवर गेले.

"अजून नाय," सोमा म्हणाला.

अमोलने गोरक्षला धरलेला हात सोडला. तो आजीच्या समोर जाऊन उभा राहिला.

"आजी, खोपीची कडी मी काढली होती. रोज काढायचो. म्हटलं कधीतरी पळून जाईल. माझ्या हातचं खायचा तो, माझ्याच नावानं त्याला कापायचं, मला बघवत नव्हतं. तुला सांगायची हिंमत झाली नाय."

मालनबाईंचा चेहरा बघवत नव्हता. ज्या पोरासाठी त्यांनी देवाला वेठीला धरलं, त्याच पोराने देवाचा घास मोकळा सोडला होता. कुत्र्यांचं काय, ती जनावरं. गायधनींचे सगळे मंत्र संपले होते. ते त्याच चालीत अडीचकीचा पाढा म्हणत होते, आणि तो संपल्यावर कालव्याच्या पाणीपट्टीबाबतचं एक जुनं परिपत्रक त्यांना मुखोद्गत होतं तेही सुरू झालं. घसा कोरडा पडला होता. श्यामरावांना शब्दांशी कर्तव्य नव्हतं, ते चालीवर उभे होते.

मालनबाई म्हसोबापुढे बसल्या. त्यांनी दगडाला हात लावला, जवळच्या माणसाशी बोलावं तशा हळू बोलल्या.

"तुला नको ना? मंग मी जबरदस्तीनं नाय देत. म्या बोलले ते आनून उभं केलं, तू घेतलं नाय. पोराचं मन कच्चं हाय, त्याच्यावर राग नको धरू. धरायचा तर माझ्यावर धर, माझं झालंय जगून." मग उठल्या आणि सोमाला म्हणाल्या, "नारळ फोड. फिटला नवस."

सोमाने नारळ फोडला. गायधनी थांबले.

श्यामरावांनी शिंगापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. असं झाडलं, की हळद-कुंकवाचे शिंतोडे सोमाच्या तोंडावर, खैरनारांच्या शर्टावर आणि खुद्द म्हसोबावर गेले. कान फडफडले, त्याचा आवाज बांधभर झाला. सोमाने मालनबाईंकडे पाहिलं. गोरक्षने पाहिलं. झाडलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि देवाची रीत काय ते थोड्या वेळापूर्वीच सगळ्यांसमोर सांगून झालं होतं. सोमाचा हात फडक्याकडे गेला. अमोलने तोंड फिरवलं. गायधनींना पुन्हा मंत्र म्हणायचे होते, पण एकही आठवेना.

मालनबाईंनी पदराने तोंडावरचं पाणी पुसलं.

"माशी बसली व्हती," त्या म्हणाल्या.

"मावशी, पन त्यानं तर—" सोमा म्हणू लागला.

"मी बगितली ना. एवढी मोठी माशी व्हती. फडकं उचल तुजं."

त्यांनी कनवटीची किल्ली काढली आणि अमोलच्या हातात दिली. हळू चालव, एवढंच म्हणाल्या. तो वाकला आणि त्यांच्या पायांवरच बराच वेळ राहिला. खैरनार मागच्या मागे निघून गेले होते. श्यामरावांचा दोर जमिनीवर पडला होता. मालनबाईंनी तो उचलला, गायधनींच्या जवळ येऊन त्यांच्या हातात दिला, आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलल्या.

"आज मंतर लय लांबला गुरुजी. रोज भितीवरनं ऐकते मी, येवढा मोठा नसतो."

गायधनींच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आपण गुरुजी नाही, हेही सांगायचं त्यांना सुचलं नाही.

"बरं मालनबाई," ते म्हणाले.

"आता पोळी द्या त्याला," मालनबाई म्हणाल्या. "कवाचा उभा हाय."